वैशाखात उपसलेला डोंगा

मी लग्न होऊन आले तेव्हा प्राणहितेच्या काठी आमच्या सासरी खाणारी तोंडं चार होती, आणि त्यांना पोसणारा एकच, तो म्हणजे डोंगा. बिजाच्या एका अख्ख्या खोडातून माझ्या आजेसासऱ्यानं तो कोरला होता. त्यातून जाळं टाकायचं, त्यातूनच माणसं पलीकडे सोडायची. उन्हाळ्यात मात्र त्यात दगड भरून तो डोहात बुडवून ठेवायचा. आमच्याकडे मासे मारणारे सगळे ढिवर तसंच करतात, कारण आमच्या उन्हात कोरडं लाकूड उभं चिरतं. नवा करायचा तर तेवढं झाड जंगलखात्यानं तोडू द्यायला हवं, आणि ते देत नव्हतं.

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायची, भोळे होते. भोळ्या माणसांचा मला राग येतो. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात आणि उपाशी राहतात घरच्या बायका.

त्या वैशाखात अहेरीला जहाजांचं प्रदर्शन आलं. नदीपलीकडचं जग न पाहिलेल्या लोकांना समुद्र दाखवायची कुणाला तरी हौस आली होती. त्यांचा साहेब आमच्या घरापर्यंत आला. मोठ्या जहाजांशेजारी एक गावठी नाव ठेवायची आहे, आठ दिवसांत परत देतो, म्हणाला. मामाजींची छाती फुगली.

"वैशाखात डोंगा बाहेर काढतेत का कोणी?" सासूबाई ओरडल्या. "त्यायले सांगा तरी, पान्यात ठेवा म्हनून."

"एवढाले जहाजं सांभाळतेत ते लोकं," मामाजी म्हणाले. "लाकडाले तहान लागते, हे का त्यायले मी सांगू? हसतीन मले."

डोंगा उपसला, बैलगाडीवर चढला आणि गेला.

बाजाराच्या दिवशी आम्ही चौघं अहेरीला गेलो. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. तंबूत काचेच्या पेट्यांमध्ये जहाजं होती, जुन्या काळची, शिडांची, तोफांची. मधोमध माणसापेक्षा उंच दीपगृह, वर गरगर फिरणारा दिवा. इथे खडक आहे, इकडे येऊ नका, असं तो जहाजांना सांगतो, अशी माहिती तिथल्या माणसानं दिली. मला हसू आलं. आमच्या घरी असा दिवा होता, सासूबाईंचं तोंड. तो कधी विझत नसे, पण मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं असेल तर शपथ.

डोंगा तंबूत नव्हताच. तो बाहेर होता, भर उन्हात, चार विटांवर. वर पाटी होती. माझ्या नवऱ्यानं अक्षरं लावत वाचली, 'आदिमानवाची नाव'. लाकूड पांढरं पडलं होतं आणि पुढच्या टोकापासून, नाकाडापासून, एक चीर निघाली होती. मामाजी खाली बसले, चिरेत बोट घातलं आणि साहेबाला म्हणाले, "साहेब, एक बादली पानी भेटन का?"

"पाणी कशाला? चिखल होईल इथं," साहेब म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. "बरे आलात. जरा आत उभे राहा. हातात बांबू घ्या. लोकांना खरा नावाडी दिसू द्या."

आणि मामाजी उभे राहिले! गर्दी जमली. कुणी ओरडलं, "ए आदिमानवा, सिरोंच्याले सोडतं का?" सगळा बाजार हसला. "तुम्हीही हसा की," साहेब म्हणाला, आणि मामाजी हसले. पायाखाली लाकूड तडतडत होतं. मला बाहेर ऐकू येत होतं, तर त्यांना येत नसेल? पण साहेबानं उतरा म्हटलं नव्हतं. शेवटी मोठा आवाज झाला आणि चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"जुनंच होतं हो ते," साहेब म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. जा, पुन्हा एकदा आत बघून या. तिकीट नको."

मामाजी गेले. खरंच गेले. त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही, किळस आली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "एकाही जहाजाखाली पानी नाई."

डोंग्याचे दोन तुकडे गाडीत घालून आणले. दुसऱ्या दिवशी नवरा बांबूतोडीला जंगलात गेला, आणि पुढे आयुष्यभर तेच करत राहिला. सासूबाईंनी कुऱ्हाड घेतली. मी म्हटलं, राहू द्या, माळ्यावर ठेवू. "ठेवून का पूजा करतं?" म्हणाल्या, आणि चुलीत घातला. वाळलेलं लाकूड झकास पेटलं. नवरा परतला तेव्हा भात चढला होता. सासूबाईंनी मामाजींना हाक मारली, "या, बसा. आज जहाजावर शिजून राह्यला तुमचा भात."

मामाजी आले. चुलीसमोर उभे राहिले, कोपऱ्यातला घडा उचलला आणि सगळा चुलीत रिता केला. राख उडाली, धूर झाला, लाकूड चरचरलं.

"आता पाजता पानी?" सासूबाई म्हणाल्या. "मेल्यावर?"

तो अर्धाकच्चा भात आम्ही तिघांनी चावून चावून खाल्ला. मामाजींना सासूबाईंनी तोही वाढला नाही.