पुण्याचा आवाज स्पष्ट आला

चेन्नईत अड्यारच्या आमच्या ऑफिसात पुण्याच्या मुख्य कार्यालयाशी व्हिडिओ मीटिंग असली की पंखा बंद करावा लागे. एसी जुना; त्याची घरघर माइक पकडायचा, म्हणून तोही बंद. कागदांची सळसळ तिकडे जाऊ नये यासाठी टेबलावर जाड टॉवेल अंथरत असू. एवढं करून पुण्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

नवी यंत्रणा हवी म्हणून आमच्या ड्रॉइंग विभागाचे प्रमुख बरेच दिवस मागे लागले होते. ते मैलापूरचे, तंजावरच्या मराठी घरातले. माझ्याशी ते घरची मराठी बोलत. पुण्याशी फक्त इंग्रजी. आपलं बोलणं ऐकून तिकडचे हसतील, असं त्यांना वाटे. पुण्याने त्यांना तमिळच धरलं होतं. मी नुकताच रुजू झालो होतो. मी मराठी, हे तिकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

अखेर दोन्हीकडे नवे माइक बसले. कॅमेराही नवा, जो बोलेल त्याच्याकडे आपोआप वळणारा. पहिल्या मीटिंगला आम्ही पंखा चालू ठेवला.

ओरगडमच्या कारखान्याची ड्रॉइंगं तयार होती. प्रमुखांच्या सहीशिवाय ती जात नसत. त्यावर बोलणं झालं. मग पुण्याचे साहेब इंग्रजीत "एक मिनिट" म्हणाले आणि शेजाऱ्याकडे वळले. अशी मराठीतली कुजबुज नेहमीच चाले. जुन्या माइकमधून नुसती गुणगुण यायची. या वेळी शब्द न् शब्द आला.

"विभाग इकडे हलवतोय हे आत्ता बोलायचं नाही. आधी ड्रॉइंगं हातात येऊ देत."

"आणि तो म्हातारा?"

"तो कसला येतोय पुण्याला! सांबार सुटेल ना त्याचं. आपणहून राजीनामा देईल, बघ."

दोघे हसले.

प्रमुखांचे वडील मैलापूरच्या घरी अंथरुणाला खिळलेले होते. चेन्नई सोडणं प्रमुखांना शक्य नव्हतं. खोलीतल्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हती; ते वाट पाहत बसले होते. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे कॅमेराही जागचा हलला नव्हता.

"सॉरी," साहेब पुन्हा इंग्रजीत म्हणाले, "तर, ड्रॉइंगं उद्या पाठवताय ना?"

"अस्क ऐकू आलं आम्हांस," प्रमुख म्हणाले. अस्क म्हणजे सगळं.

कॅमेरा घर्रकन वळला. पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या खोलीचं चित्र दिसायचं. तिथे आता एकच चेहरा होता. पुण्यात कुणीतरी टेबलावर हात लांबवला आणि तिकडचा आवाज बंद झाला. चित्र चालू राहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मधूनच एकेक जण वळून आमच्याकडे पाही.

"एन्न आच्चु, सार?" शेजारच्या तमिळ सहकाऱ्याने विचारलं. काय झालं?

सही न केलेली ड्रॉइंगं प्रमुखांनी गुंडाळली, रबर चढवला आणि भेंडोळं मांडीवर घेऊन बसले. कॅमेरा त्यांच्यावरच होता.