शनिवारी डेल्फ्ट, रविवारी ऑफिस

दुबईत समुद्रात भर टाकून जमीन करणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर होतो. मंदी आली, साइट थंडावल्या, ऑफिसात आठवड्याला एकदोन टेबलं रिकामी व्हायला लागली. अशात हॉलंडच्या मुख्य ऑफिसनं मला दोन दिवसांच्या मीटिंगला बोलावलं. माणसं कमी करण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. वर शुक्रवारी मोठे साहेब म्हणाले, "उद्या संध्याकाळी तुझं विमान. तोवर मी तुला आमचं जुनं डेल्फ्ट शहर दाखवतो."

हा पाहुणचार मला खटकला. आमच्या दुबईच्या मॅनेजरची रीत होती, ज्याला काढायचं त्याला आधी जेवायला न्यायचं. बिर्याणी, गोड, मग लिफाफा.

डेल्फ्टला कालवा गोठला होता, त्यावर आजीआजोबासुद्धा घसरत मजेत चालले होते. साहेब जुन्या चर्चचा कललेला मनोरा दाखवत होते, पाया कसा खचला ते समजावत होते. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नुसती मान हलवली.

खिशात फोन थरथरत होता. दुबईत अल कुसैसला आमच्याच मजल्यावर राहणारा वसईचा सहकारी सकाळपासून एकच मेसेज पाठवत होता, "विचारलंस का?" नोकरी गेली की व्हिसा गेला, महिन्याभरात बायकापोरांसकट देश सोडायचा. त्यालाही, मलाही.

वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि कुणाच्याही तोंडावर बोलतो अशी माझी ख्याती. पण तो एक प्रश्न काही ओठांवर येईना. दोन पूल झाले, बाजाराचा चौक झाला, निळ्या नक्षीच्या बश्यांचं दुकान झालं.

मग साहेब म्हणाले, "चल, आता जेवू."

वाटाण्याचं सूप आलं आणि माझा धीर सुटला. "साहेब, मला काढणार असाल तर जेवायच्या आधी सांगा."

ते बघतच राहिले. "काढायचं असतं तर काल ऑफिसातच सांगितलं असतं. त्यासाठी माझा शनिवार कशाला घालवू?"

"आणि माझ्या टीममधले?"

त्यांनी चार नावं सांगितली, जराही न अडखळता. दुसरं नाव माझ्या शेजाऱ्याचं. "उद्या रविवार, दुबईचं ऑफिस उघडेल. मॅनेजर त्यांना सांगेल."

"त्याला मी सांगणार. आम्ही एका मजल्यावर राहतो."

"मग आत्ता सांग," ते म्हणाले. "उगाच वाट बघायला लावू नकोस."

मी बाहेर येऊन फोन लावला.

"बोला इंजिनिअर साहेब! इन्शाल्ला सगळं ठीक ना?"

"तू जातोयस. मी राहतोय."

पलीकडे त्याची धाकटी इंग्रजीत टीव्हीचा रिमोट मागत होती.

"खलास म्हणजे," तो म्हणाला. मग म्हणाला, "हिला अजून सांगू नकोस हां. वहिनींनाही नको. भिंत पातळ आहे."

"नाही सांगत."

"अरे, आणि शाळेचा दाखला मिळायला किती दिवस लागतात?"

"पोचलो की आपण शाळेत विचारू," मी म्हणालो. मी आत जायचं सोडून कालव्याच्या कडेनं चालत सुटलो, फोन कानालाच होता.