बोटांचा रंग

निपाणीच्या वखारीत तंबाखूनं भरलेलं बोद, म्हणजे भलंमोठं पोतं, थप्पीवरून घसरलं आणि माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायावर पडलं. गुडघ्याखालचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. बेळगावच्या दवाखान्यात भूल देऊन ऑपरेशन केलं, हाड बसवलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. जखम पिकली की पाय कापायचा, नाहीतर माणूस जायचा. त्यावरची इंजेक्शनं आमच्याकडं आली ती फार पुढं.

घरी सोडताना तिथल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या कानडी, मराठी तोडकं बोलायच्या. "नोड्री, बघा, प्लास्टराच्या भायेर बोटं हायत न्हवं? रोज बघायची. रंग बघायचा, हात लावायचा. निळी पडली, गार पडली, तर थांबू नका. हितं आणा."

कोगनोळीला, आमच्या गावी, आल्यावर सुरुवातीला ठीक चाललं. मग ताप चढू लागला आणि बोटं सुजली. मी विहिरीवरून धुणं घेऊन आले तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून पाचही बोटांवर जाड लेप थापलेला. मार लागला की आमच्याकडं हाच उपाय, आणि लेप आपणहून सुटेपर्यंत त्याला पाणी लावायचं नाही. भेटायला येणारे ती पिवळी बोटं बघून माना डोलवायचे.

मी म्हटलं, "आत्याबाई, लेप काढायला पायजे. बोटांचा रंग दिसंना."

"रंग बघून काय लुगडं घ्यायचं हाय?" त्या म्हणाल्या. शेजारणी हसल्या. "चौथी शिकली आणि डाक्टरीण झाली! ह्याच्या बापाचा खांदा मी ह्याच लेपानं बरा केलाय."

"त्यांना प्लास्टर नव्हतं."

"तोंड लई चालतंय तुझं."

मी नवऱ्याला विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई. काल लई ठणकत हुतं. आज कायच कळंना. आईच्या लेपानं उतार पडलाय. तू गप बस गं."

ठणका थांबला म्हणून घर खूश होतं. मला तेच पटेना. अंगात ताप, प्लास्टरला कुजका वास, आणि दुखत मात्र नाही? मी कोमट पाणी घेऊन पायाशी बसले.

"हात लावलास तर ह्या घरात ऱ्हाऊ नगस," आत्याबाई म्हणाल्या.

"बघते आणि जाते," म्हटलं आणि लेप धुतला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं. बाकीची तीन पांढरी फटक, गार. अंगठ्यात नख रुतवलं. नवरा आढ्याकडं बघत होता, त्याला पत्ताच नाही. आत्याबाईंनी वाकून बघितलं आणि दिराला हाक मारली. दीर गाडी जुंपायला धावला.

निपाणीपर्यंत बैलगाडी, तिथून बेळगावची मोटार. ड्रायव्हर म्हणाला, "वास येतोय बाई, माणसं वरडत्यात."

"धोतराचा सोगा नाकाला लावा म्हणावं. पाय हाय, तंबाखू न्हवं."

दवाखान्यात प्लास्टर कापलं तसा पू गळला. डॉक्टर म्हणाले, आत जखम पिकून सूज वाढली, प्लास्टर आवळलं, रक्त पुढं जाईना. काळं वर चढलं तर गुडघ्याखाली कापावं लागेल. नर्सबाईंनी शाईच्या पेन्सिलीनं पावलावर रेघ ओढली. "ह्याच्या वर गेलं तर हाक मारा."

मग ती रेघ आणि मी. जखम धुताना भांडं धरायचं, पट्ट्या उकळायच्या, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून नवऱ्याला कुशीवर वळवायचं. जेवायला उठले तरी परत येताना आधी नजर रेघेवर. तापात तो म्हणायचा, "कापू दे, न्हाईतर मरू दे."

"दोन्ही गोष्टी डॉक्टरांना इचारून," मी म्हणायची.

एकदा वाटलं, चढलं. हाक मारली. नर्सबाई आल्या, कापसानं पुसलं. वाळलेलं रक्त होतं. पुसट झालेली रेघ त्यांनी पुन्हा ओढली.

काळं रेघेशी येऊन थांबलं. दोन बोटं गेली, पाय राहिला. आत्याबाई आल्या आणि खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या. मी त्यांना आत बोलावलं, साबणानं हात धुवायला लावले आणि पट्टी कशी बदलायची ते दाखवलं. मला झोपायचं होतं.