नानांची दोन तासांची परीक्षा

कोणताही रेडिओ घेण्याआधी नाना तो मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर उन्हात ठेवायला लावत. बोलण्याचं बटण रबराने बांधायचं, म्हणजे त्याला उसंत मिळत नाही, आणि दोन तास बघत बसायचं. बसायचं कोणी, तर आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या माणसाने. "नव्याले कोनी दोस्त नही ऱ्हातस," नाना म्हणत. "तो खरं लिखस."

गेल्या वर्षी तो नवा माणूस मी होतो.

नाना मूळचे धुळ्याचे, बोलणं अहिराणी. जळगावात त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. जीभ मात्र फार वाईट. माझे वडील डाळ मिलमध्ये हमाल; कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा हवेवर आलो आणि माझं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं सहा अक्षरांचं नाव, सांगताना अडखळलो. सगळे ऐकत असताना नाना बोलले, "तुना बाप पोतं उचलस, आन तुले सहा अक्षरं झेपत नही?"

सगळे हसले. पहूरहून आबा तेवढे म्हणाले, "नाना, पोराले बोलू दे."

आबा नानांचे जुने मित्र. अर्धांगवायूने अंथरुणावर खिळलेले. घरातला फोन मुलाबरोबर शेतात जाई, त्यामुळे दुपारी तीन वाजता नानांशी छोट्या सेटवर बोलणं एवढाच त्यांचा दिवस. तो क्षीण आवाज जळगावातल्या उंच इमारतीवरचा आमचा रिपीटर झेलायचा आणि जोराने पुढे पाठवायचा. वीज पडून तो जळाला आणि नवा निवडायची वेळ आली.

नानांनी चाळीसगावहून एक जुना, जडशीळ रिपीटर आणला होता. तो परीक्षेत पास झाला. ग्रुपच्या अध्यक्षांनी नवाकोरा सुचवला. तो माझ्यासमोर चाळीस मिनिटांत तापून बंद पडला.

अध्यक्ष जिन्यातच भेटले. "कंपनीच्या कागदावर सगळं बरोबर आहे. दोन तास चालला असं वहीत लिही. म्हाताऱ्याची कटकट संपव."

मी दोन तास लिहिलं. अध्यक्षांना घाबरलो, असं मी मित्रांना सांगत आलो. पण खरं म्हणजे नाना हरलेले मला बघायचे होते.

बैठकीत नानांनी विचारलं, "तू बठेल व्हता ना? चालना दोन तास?"

"हो, नाना."

"नाना, तुमचं भंगार आता मोडीत घाला," अध्यक्ष म्हणाले. पुन्हा सगळे हसले. मीही.

नानांनी वही मिटली. "नव्यानं लिखेल शे ना? मंग हाऊच लावा."

नवा लागला. रोज दुपारी तो बंद पडे आणि संध्याकाळी आपोआप सुरू होई. अध्यक्ष लोडशेडिंगला दोष देत. नाना वायर तपासत. "रिपीटर तं पास शे," ते पुटपुटत. दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढून गच्चीवरच्या शिडीवर जात, आणि मी खाली शिडी धरून उभा राही. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज नाना काहीतरी टोचून बोलत आणि मी गप्प बसे.

तिसऱ्या आठवड्यात आबा गेले. पहूरला त्यांचा मुलगा नानांना म्हणाला, "रोज तीनले सेट हातात घ्यायचे. तुम्हाला बोलवत राहायचे. शेवटी म्हणाले, नाना मनावर रुसना वाटस."



परत आल्यावर मी त्यांच्या घरी वही घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. 'नाना माझ्यावर रुसला' म्हणत गेलेल्या आबांचं नावही मला धड घेता आलं नाही. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी चष्मा लावला. माझ्यापुढे पेन ठेवलं.

"खोड. खरं लिख."

मी दोन तास खोडून चाळीस मिनिटं लिहिलं. नानांनी आकडा नीट वाचला, वही उघडीच माझ्या हातात दिली आणि दार उघडलं.

"जाय. आते आबाले दखाडी ये."