बाबांनी बदललेलं ऑइल

बाबा भैंसा गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमालकाचे ड्रायव्हर होते. मालकांनी हौसेनं दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. तिचं ऑइल बदलायला बाबा हैदराबादच्या शोरूमला जात आणि बाकावर न बसता मेकॅनिकजवळ उभं राहून सगळं बघत.

एका हंगामात जिनिंग जोरात होतं, मालकांना गाडी पाठवायला सवड नव्हती. बाबा म्हणाले, "मालक, मी करतो."

मी डबा घेऊन गेले तेव्हा ते जिनिंगच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडत होते.

"बाबा, पानी काऊन मारून राह्यले?"

"कापूस उडते ना. एक तंतूबी इंजिनात जाऊ नये."

मग त्यांनी गाडीखाली शिरून जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला आणि नवं ऑइल धुऊन धुऊन तंतू न सुटणाऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळून ओतलं. घाई म्हणून कुठंच नव्हती.

पुढं ब्रेकच्या कामासाठी गाडी शोरूमला गेली. तिथल्या मोठ्या मेकॅनिकनं इंजिन तपासून विचारलं, "ऑइल किसने बदला?"

बाबा घाबरतच म्हणाले, "मैंने."

त्यानं आपला हात पुसला आणि बाबांच्या हातात दिला. घरी आल्यावर बाबांनी आईला हे दोनदा सांगितलं.