अडतीसनंतर एकेचाळीस

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरने घोळ घातला की तरुण कारकून माझ्याकडे बघून म्हणायचे, "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं!" मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या तेव्हा हे म्हणणारे चड्डीत होते. ऑफिस कुठल्या तालुक्यातलं ते सांगणार नाही. मी खेडहून एसटीने जायचे, एवढं पुरे.

अंगणवाडीच्या मदतनिसांची ज्येष्ठता यादी माझ्याकडे होती. यादी करायची म्हणजे गेल्या वर्षीची फाईल उघडायची, वरचं साल बदलायचं आणि पर्यवेक्षिकांकडून आलेला शिक्षणाचा रकाना कॉपी करून तिच्यात पेस्ट करायचा. पेस्ट केलं की दर वर्षी तळाच्या दोघींपुढची जागा रिकामी राहायची. मशीन जुनं झालंय, असं सगळ्यांचं ठरलेलं निदान. बंद करून चालू करायचं, पुन्हा पेस्ट करायचं, पुन्हा रिकामी. शेवटी त्या दोन जागा मी हाताने भरायचे आणि यादी साहेबांच्या सहीला जायची.

त्या वर्षी यादी लागली, हरकतींची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी एक मदतनीस दोन एसट्या बदलून आली. हातात बारावीचं मार्कशीट.

"मॅडम, माज्या नावापुढं सातवी कशी काय लावलात? मी बारावी हाय. पोरांच्या बरोबरीनं बसून पास झालंय."

तिच्याच वाडीत सेविकेची जागा निघाली होती आणि ती यादीत बारावी लागलेल्या मदतनिसालाच मिळायची. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. तिला घेऊन साहेबांकडे गेले. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "मुदत काल संपली. तांत्रिक अडचण म्हणून नोंद करा. पुढच्या वर्षी बघू."

ही तांत्रिक अडचण मी नोकरीभर ऐकत आले होते. तिच्यावर ना कुणाला मेमो निघतो, ना कुणाला जाब विचारता येतो. मला संताप आला. तिला माझ्या टेबलाशी बसवलं, चहा मागवला आणि पर्यवेक्षिकांची यादी शेजारी ठेवून स्क्रीनवर पट्टी धरली. एकेक नाव ताडून बघायला लागले.

अडतीसपर्यंत सगळं बरोबर होतं. त्यापुढे प्रत्येकीच्या नावासमोर तिच्यानंतरच्या दुसऱ्या बाईचं शिक्षण बसलं होतं. स्क्रीनच्या डाव्या कडेचे ओळींचे आकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचले. अडतीस, मग थेट एकेचाळीस. मधल्या दोन ओळी कुणीतरी झाकून ठेवल्या होत्या. पेस्ट केलेलं त्या झाकलेल्या ओळींतही जाऊन पडत होतं आणि खालचं सगळं दोन घरं वर सरकत होतं.

ओळी उघडल्या. दोन मदतनिसांची नावं निघाली, दोघीही नोकरीत असतानाच वारलेल्या. ही फाईल माझ्याआधी आमच्या जुन्या हेडक्लार्ककडे होती, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना फोन लावला.

"व्हय, मीच झाकल्या त्या," अण्णा म्हणाले. "खोडायला हात नाय झाला गो. गेलेल्या बाईचं नाव कसं काय पुसायचं?"

त्यांच्यावर काय रागवणार! मी तरी काय केलं होतं? दोन जागा रिकाम्या दिसत होत्या, म्हणजे कुठेतरी दोन जास्त होत्या. साधी वजाबाकी. ती न करता मी त्या जागा हाताने बुजवत राहिले.

त्या दोघींची नावं वेगळ्या पानावर नेली, रकाना पुन्हा पेस्ट केला. तळापर्यंत बरोबर बसला. टिपणी लिहिली: यादीतील चूक माझ्या हातून झालेली आहे, दुरुस्त यादी सहीसाठी सादर. आणि पुन्हा साहेबांसमोर उभी राहिले.

"मुदत संपलीय, सांगितलं ना?"

"हरकतीला मुदत असते, साहेब. चुकीला कुठे असते?"

"हे तुमच्या गोपनीय अहवालात येईल."

"येऊ दे. टिपणीला आवक नंबर टाकून आणलाय, रजिस्टरात नोंद आहे. सही करा, नाहीतर का करत नाही ते खाली लिहा."

ते लिहिण्यापेक्षा सही सोपी होती. दुरुस्त यादी त्याच दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसात, रत्नागिरीला गेली. बाई सेविका झाली. माझ्या अहवालात 'कामात हलगर्जीपणा' असा शेरा आला. मी तो वाचून पोच दिली. शेरा खोटा नव्हता.

पण मला स्वस्थ बसवेना. पुढच्या आठवड्यात मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढल्या. तिन्हींत तेच. सगळ्यात जुनीत एक मदतनीस सापडली, हीसुद्धा बारावी, हिच्यापुढे चौथी. तिची जागा दुसरीला गेली होती आणि तिचं वय केव्हाच उलटलं होतं. ती आली नव्हती. भांडलीही नव्हती. आपलंच काहीतरी कमी असेल, असं समजून गप्प बसली असणार.

दुसरी टिपणी घेऊन गेले. साहेब हसले. "आता हिला काय मिळणार यातून?"

"तिला एक पत्र मिळेल," मी म्हटलं. "चूक तुझी नव्हती, असं. सही करा."