दोन पेले

कोकमाचं सरबत दिसलं की मला मांडवीतलं ते घर आठवतं. तिथली बाई आज जीव लावील, उद्या तोंड बघणार नाही. डॉक्टर त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणत. इस्पितळात, आमच्या समाजसेवी संस्थेत, पोलीस चौकीत तीच कहाणी सांगून ती कंटाळली आणि तिने उपचारच सोडले. मी संस्थेतला नवा शहाणा. म्हटलं, सगळ्यांना एकदमच तिच्या घरी नेऊ! डॉक्टर, नर्स, हवालदार आणि मी जीपमधून उतरलो तशी शेजारीण ओरडली, "तुला बघायला आले की काय गो?" बाई दारात आली. "इतके दिवस कोणी नाही, नि आज वरात?" ती दार लावणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "निदान पाणी तरी द्या!" पाणी मागितल्यावर दार कसं लावणार? "घरात पेले दोनच. एक माझा. कोण एक येणार ते ठरवा." सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. पाण्याऐवजी तिने कोकमाचं सरबत पुढे केलं. त्यात साखरच नव्हती. "कसं झालंय?" तिने डोळे रोखून विचारलं. गोड बोलायची माझी सवय ऐनवेळी दगा देऊन गेली. "आंबट," मी म्हटलं. ती पहिल्यांदाच हसली. "मंगळवारी ये. एकटाच." तेव्हापासून दर मंगळवारी मीच जातो आणि ती सांगते ते बाकीच्यांना मीच कळवतो, म्हणजे तिला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. ती इस्पितळातही येऊ लागली. साखर मात्र अजून घालत नाही.